शाळेला वस्तू दिली की फोटो येतो, पण शनिवारचे दोन तास कोण देणार?

माननीय संपादक,
नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून एक फोटो असतोच. सरकारी शाळेचं आवार, पाचसहा मोठी माणसं उभी, पुढे मुलं बसवलेली, मधे बाक नाहीतर कॉम्प्युटर नाहीतर पाण्याचं मशीन, आणि खाली ओळ की अमुक उद्योजकांकडून शाळेला भेट. असा फोटो आला की मी थांबून बघते कारण सहा वर्षांपूर्वी अशाच एका फोटोत मी होते, डावीकडून दुसरी. त्या फोटोनंतर पुढे काय झालं ते कुठे छापून आलं नाही, ते यायला हवं होतं असं मला आता वाटतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण जमलं तर सगळं छापा.

माझं छोटं मशीन शॉप आहे. वडिलांनी एका सेकंडहँड लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनवर, सुरू केलेलं, आता चार लेथ, एक मिलिंग, दोन ड्रिल, एक सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणि अकरा माणसं आहेत. मी स्वतः सरकारी शाळेत शिकलेय, त्यामुळे धंदा जरा स्थिर झाल्यावर शॉपपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या सरकारी शाळेला काहीतरी द्यावं हे मनात होतं. काय द्यायचं यावर आम्ही आमच्या ऑफिसात बसून चर्चा केली, तीही चांगली तासभर, आणि वॉटर प्युरिफायर द्यायचं ठरलं. नीट लक्षात घ्या, चर्चा आमच्या ऑफिसात झाली, शाळेत नाही. शाळेला आम्ही फोन करून फक्त कळवलं की आम्ही देतोय, कधी येऊ. मुख्याध्यापिका बाई हो म्हणाल्या, कोण नाही म्हणेल? मशीन बसलं, त्यावर आमच्या शॉपचं नाव चांगलं मोठ्या अक्षरात, फोटो झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही परत येऊन आपापल्या जॉबला लागलो.

दोन वर्षांनी एका वेगळ्याच कामासाठी मी शाळेत गेले तर मशीन बंद. वर बादली ठेवलेली. मुलं शेजारच्या नळाला तोंड लावून पाणी पीत होती आणि त्या नळाच्या वरच माझं नाव. सर्व्हिस काँट्रॅक्ट पहिल्या वर्षापुरतं होतं, नंतर फिल्टर बदलायला पैसे लागतात आणि त्यासाठी शाळेकडे वेगळी तरतूदच नव्हती, आणि आम्ही कोणी एकदाही विचारायला गेलो नव्हतो की चालू आहे का. खरं सांगते, आधी मला शाळेचाच राग आला की एवढं चांगलं मशीन दिलं आणि सांभाळता आलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मॅडम, तुम्ही द्यायच्या आधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आमच्या टाकीचं झाकण गंजून तुटलंय, त्यात पानं आणि पक्ष्यांची घाण पडते, ते झाकण करून दिलं असतं तरी खूप झालं असतं. झाकण! आमच्याकडे शीट पडलेलं असतं, वेल्डिंग आहे, अर्ध्या तासाचं काम. आणि आम्ही एक तास ऑफिसात बसून ठरवत होतो की शाळेला काय लागत असेल.

त्या दिवशी बाईंनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. शाळेला काय हवंय त्याची यादी, सात गोष्टी, हाताने लिहिलेली. चार वर्षं तो कागद त्यांच्याकडे होता आणि मदत द्यायला आलेल्या कोणीही तो मागितला नव्हता. सातपैकी दोनच गोष्टींना पैसे लागणार होते. बाकीच्या वाचून मी गप्पच झाले. दहावीनंतर कायकाय करता येतं हे पालकांच्या मीटिंगला येऊन समजावून सांगणारं कोणी. महिन्यातून एकदा नळ, कड्या, बिजागऱ्या बघणारं कोणी. मुलांनी लिहिलेले अर्ज वाचून खरं मत देणारं कोणी, म्हणजे शिक्षक सोडून बाहेरचं. आणि एक ओळ होती की नववी-दहावीच्या मुलांना मोजमाप हातात घेऊन करायला मिळावं. शाळेत व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, एकच होता, त्याचा जबडा अडकलेला, आणि वर्गात चाळीस मुलं. त्यामुळे व्हर्निअरचा धडा म्हणजे फळ्यावरचं चित्र आणि परीक्षेत त्याच चित्रावर मार्क.

ही ओळ माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या शॉपमधे चौदा व्हर्निअर आहेत, सहा मायक्रोमीटर म्हणजे त्याहूनही बारीक मोजणारे, डायल गेज, बोअर गेज, सगळं आहे, आणि ते वापरता येणारी माणसं पण आहेत, आणि शाळा दहा मिनिटांवर आहे, आणि आम्ही दिलं काय तर पाण्याचं मशीन.

मग सुरू झालं ते असं. शनिवारी शाळा लवकर सुटते, त्यानंतर दोन तास. एका वेळी आठ मुलं, बरोबर शाळेचे एक शिक्षक कायम, आणि आमच्याकडून दोन जण. ते दोन तास लेथ बंद ठेवायच्या, फक्त शेवटची पंधरा मिनिटं एक लेथ चालू करून दाखवायची, तीही पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभं राहून, डोळ्यांना गॉगल लावून, केस बांधलेले आणि ढगळ बाह्या नकोत. मुलांनी चालू मशीनला हात लावायचा नाही म्हणजे नाही. पालकांची लेखी परवानगी घेतलेली. हे सगळं लिहिते कारण पुष्कळ लोक विचारतात की रिस्क कशाला घेता, तर रिस्क कमी कशी करायची हेच तर आमच्या धंद्यात रोजचं काम आहे.

पहिल्या शनिवारी मुलांच्या हातात व्हर्निअर दिला आणि स्वतःच्या वहीचं एक पान, एक नाणं आणि एक स्क्रू मोजायला सांगितलं. वर्गात शिकलेलं त्यांना सगळं पाठ होतं बरं का, लघुतम माप म्हणजे काय विचारलं की व्याख्या धडाधड. पण 50 भागांची सरकपट्टी मुख्य पट्टीच्या 49 मिलिमीटरवर बसते म्हणून एका भागात 0.02 मिलिमीटरचा फरक येतो, हे हातात धरून रेघेला रेघ जुळताना बघितल्यावर एका मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तिने तेच माप पाच वेळा घेतलं आणि पाच वेळा थोडंथोडं वेगळं आलं तर ती घाबरली, तिला वाटलं आपलं चुकतंय. मग आमच्या टर्नर काकांनी, म्हणजे लेथ चालवणाऱ्या काकांनी, तिला सांगितलं की मलाही वेगळंच येतं, म्हणून तर आपण तीनदा मोजतो. तिला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं की खऱ्या मोजमापात उत्तर थोडं हलतं. कसं सांगणार, व्हर्निअर एक आणि मुलं चाळीस.

मायक्रोमीटरवर त्यांनी स्वतःचा केस मोजला. कुणाचा 0.06 मिलिमीटर, कुणाचा 0.08. मग मी एक रिजेक्ट झालेला जॉब, म्हणजे मशीनवर केलेला तुकडा, दाखवला, 25 मिलिमीटरच्या पिनमधे 0.05 चा फरक पडला म्हणून परत आलेला. एका केसापेक्षा कमी फरकामुळे अख्खा लॉट परत येतो हे कळल्यावर दशांश चिन्ह कुठे द्यायचं याला एकदम अर्थ आला. त्यानंतर त्या बॅचमधल्या मुलांनी दशांशात निष्काळजी चुका करणं कमी केलं असं त्यांचे गणिताचे सर सांगतात. मी काही त्याचा अभ्यास केलेला नाही, सरांचं म्हणणं तेवढं सांगते.

सगळ्यात रंगतो तो टेपरचा, म्हणजे एका टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या जॉबचा शनिवार. दहावीला त्रिकोणमिती असते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की हे टॅन थीटा कुठे लागतं. टर्नर काका एक टेपर जॉब घेतात, एका बाजूला 40 मिलिमीटर व्यास, दुसऱ्या बाजूला 30, लांबी 50. मोठ्या व्यासातून छोटा वजा केला, भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे दहा भागिले शंभर, 0.1. हा झाला टॅन. तक्त्यात बघितलं की कोन साधारण 5 अंश 43 मिनिटं. तेवढी कंपाउंड स्लाइड, म्हणजे लेथवरचा कापायचं हत्यार धरणारा भाग, फिरवायची, कट घ्यायचा, आणि मग मुलांनी जॉब मोजायचा. माप बरोबर येतं तेव्हा मुलं ओरडतात. अक्षरशः ओरडतात. आणि काका, ज्यांची शाळा आठवीतच सुटली, ते त्या दिवशी दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती शिकवत असतात. पहिल्या वर्षी ते तयारच नव्हते, मला काय येतं शिकवायला म्हणाले. आता शुक्रवारी आठवण करून देतात की उद्या पोरं येणारेत, जॉब काढून ठेवा.

यातून मला जे कळलं ते एवढंच की लोकल धंद्याकडे शाळेला देण्यासारखी सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे काम येणाऱ्या माणसांचा वेळ, आणि नेमकी तीच गोष्ट सोडून आम्ही बाकी सगळं देत असतो. वस्तू द्यायला एक दिवस पुरतो आणि फोटो येतो, वेळ द्यायचा तर वर्षभर शनिवार जातात.

हे माझ्या एका शॉपचं मत म्हणून सोडून देऊ नका, कारण याचा बाहेर विचार झालेला आहे. ब्रिटनमधे 2012 साली 19 ते 24 वयाच्या तरुणांचा एक अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की शाळेत असताना नोकरी देणाऱ्या लोकांशी चार किंवा जास्त वेळा संबंध आलेल्यांमधे, एकदाही न आलेल्यांच्या तुलनेत, शिक्षणही नाही आणि कामही नाही अशी वेळ येण्याचं प्रमाण पाचपट कमी होतं आणि कमवणाऱ्यांची कमाई सरासरी 16 टक्के जास्त होती. आता यात बाकीही कारणं मिसळलेली असणार, चांगल्या शाळेला असे पाहुणे जास्त मिळतात वगैरे, त्यामुळे हा आकडा मी जादूसारखा वापरणार नाही. पण बघा ना, कॉम्प्युटर किती मिळाले हे त्यांनी विचारलंच नाही, विचारलं ते किती वेळा माणूस भेटला. तिथेच 2014 मधे शाळेतल्या करिअर मार्गदर्शनासाठी आठ निकष ठरवले गेले, गॅट्सबी बेंचमार्क म्हणतात त्यांना, त्यातला एक असा की वयाच्या अकराव्या वर्षापासून दरवर्षी निदान एकदा तरी मुलाची काम देणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसाशी अर्थपूर्ण भेट व्हावी. वर्षाला एक भेट, अवघड आहे का सांगा.

जर्मनीचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळे देतात, पण अर्धंच देतात. तिथे मुलगा आठवड्यातले तीनचार दिवस कंपनीत आणि एकदोन दिवस व्यवसायशाळेत शिकतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचा कायदा 1969 चा आहे, तीनशेच्या वर व्यवसाय त्यात येतात, हेही काही जणांना माहीत असतं. पण कंपनीत शिकवणाऱ्या माणसाला आधी शिकवता येतं का याची परीक्षा द्यावी लागते, शिकणाऱ्याला कंपनीने भत्ता द्यायचा असतो, आणि शेवटची परीक्षा त्याची कंपनी घेत नाही तर उद्योगांचं चेंबर, म्हणजे त्यांची संघटना, घेते, हे कोणी सांगत नाही. म्हणजे कंपनीला मुलगा मिळतो त्याबदल्यात तिच्यावर किती बंधनं आहेत बघा. आपण तिकडची नक्कल करायची म्हणतो तेव्हा बंधनांचा भाग गाळून फक्त मुलगा मिळायचा भाग घेतो.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधे 2011 साली पी-टेक नावाची सरकारी शाळा सुरू झाली, आयबीएम, शहराचं शिक्षण खातं आणि तिथलं सरकारी विद्यापीठ या तिघांनी मिळून. नववीपासून सहा वर्षं, शेवटी शाळेचं सर्टिफिकेट आणि दोन वर्षांची कॉलेजची पदवी दोन्ही, आणि मुलांना कंपनीतले मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक. नंतर हे मॉडेल बऱ्याच देशांत गेलं. एवढी मोठी कंपनी असून तिथेही मुख्य गोष्ट मेंटॉर, म्हणजे परत माणूसच.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण मला जास्त शिकवून जातं, कारण ते पूर्ण यशस्वी झालं नाही. 1982 साली बॉस्टनमधे शहरातले व्यवसाय आणि सरकारी शाळा यांच्यात लेखी करार झाला, बॉस्टन कॉम्पॅक्ट. व्यवसायांनी शब्द दिला की शाळा पूर्ण केलेल्या मुलांना आम्ही नोकऱ्या देऊ, शाळांनी शब्द दिला की हजेरी आणि निकाल सुधारू, मधेच शाळा सोडणाऱ्यांची संख्या कमी करू. नोकऱ्या दिल्या गेल्या, पण शाळा सोडणाऱ्यांची संख्या काही खाली आली नाही, आणि मग 1988 च्या सुमारास करार पुन्हा करायची वेळ आली तेव्हा व्यवसायांनी सरळ सही करायला नकार दिला, बदल करा म्हणाले, चर्चा झाली आणि 1989 मधे नवा करार झाला. हे वाचून काही लोक म्हणतील फसलं. मला तसं वाटत नाही. दोघांनी काय करायचं ते कागदावर होतं आणि ते मोजलं जात होतं म्हणून तर कळलं की कुठे कमी पडतंय. माझ्या पाण्याच्या मशीनचं कोणी काही लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे ते बंद पडलं तरी कुणाचा शब्द मोडला नाही!

आता दुसरी बाजू, जी लिहिली नाही तर हे पत्र अर्धवट राहील. धंदेवाला शाळेत शिरतो तेव्हा तो काय विकायला आलाय हे बघितलंच पाहिजे, आणि मी स्वतः धंदेवाली असून हे म्हणते. अमेरिकेत 1990 पासून चॅनल वन नावाची गोष्ट होती. शाळांना टीव्ही, डिश, सगळी सामग्री फुकट, बदल्यात रोज 12 मिनिटांचा कार्यक्रम वर्गात दाखवायचा आणि त्यात 2 मिनिटं जाहिराती. शाळेत बसलेल्या मुलाला उठून जाता येत नाही, चॅनल बदलता येत नाही, म्हणजे जाहिरातदाराला यापेक्षा चांगला प्रेक्षक कुठे मिळणार. 2018 मधे ते बंद झालं पण तोपर्यंत किती वर्गांचे किती तास गेले याचा विचार करा, शाळेचं वर्ष 180 दिवसांचं धरलं तर रोजच्या 12 मिनिटांचे 36 तास होतात, आणि त्यातले 6 तास निव्वळ जाहिराती. उलट कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने 1980 पासून 13 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायलाच बंदी घातलीय. माझं म्हणणं आहे की शाळेच्या दारात आल्यावर कुठल्याही धंद्याने आपल्या मालाचं नाव बाहेर ठेवून आत यावं. आमच्याकडे मुलं येतात तेव्हा कुणाला टोपी नाही, की-चेन नाही, बॅनर नाही. आणि हो, त्या जुन्या मशीनवरचं नाव मी स्वतः जाऊन खरवडून काढलं. फिल्टर बदलले, आता चालू आहे, टाकीला झाकण आहे.

त्याहून जास्त काळजीची गोष्ट म्हणजे शिकायच्या नावाखाली फुकट मजुरी. मी हे डोळ्यांनी बघितलंय. एका कारखान्यात, नाव लिहीत नाही, कुठल्याशा शाळेची मुलं अनुभव घ्यायला म्हणून आणली होती आणि ती दोन आठवडे खोकी पॅक करत होती. पहिल्या तासात खोकं कसं पॅक करायचं ते शिकली असतील, बाकीचे तेरा दिवस काय शिकली? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1973 चा किमान वयाचा करार आहे, 138 नंबरचा, त्यात शिक्षणाचा भाग म्हणून केलेल्या कामाला सूट आहे, पण कारखान्यात करायचं असेल तर मूल निदान 14 वर्षांचं हवं, काम अभ्यासक्रमाचाच भाग हवं आणि सरकारने घातलेल्या अटी पाळून हवं. खोकी पॅक करणं कुठल्या अभ्यासक्रमाचा भाग आहे? मी माझ्यापुरती एक साधी तपासणी ठेवलीय, ती सगळ्यांना सांगते. मुलं आली त्या दिवशी आमचं प्रॉडक्शन कमी झालं पाहिजे. आमचं होतं, दर शनिवारी दोन तासांचं, चार लेथचं. ज्या दिवशी मुलं आल्यामुळे प्रॉडक्शन वाढलं असं दिसेल त्या दिवशी मी हे बंद करीन, कारण मग ती शिकायला येत नाहीयेत.

पैशांचं थोडक्यात. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायची अट आहे आणि शिक्षण त्यात येतं. चांगलं आहे. पण ती अट लागू होते वर्षाला 5 कोटी नफा किंवा 500 कोटी नेटवर्थ किंवा 1000 कोटी उलाढाल असलेल्या कंपन्यांना, त्यामुळे सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते आणि शाळेच्या शेजारचे सुतार, गॅरेजवाले, प्रिंटिंगवाले, अकाउंटंट, रोपांच्या नर्सरीवाले, लॅबवाले यांना कोणी विचारतच नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम बघावं असं लिहिलेलं आहे, सुतार, माळी, कुंभार असे शब्द आहेत त्यात. म्हणजे धोरणाला छोटा माणूस दिसतोय, पण त्या सुताराच्या दारात जाऊन विचारणारं कोणी नाही. मुख्याध्यापकांना एवढे रिपोर्ट भरायचे असतात की ते कधी जाणार.

एक भीती मला पण आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्या शाळेच्या आसपास कारखाने आहेत तिला दहा जण विचारतील आणि जिच्या आसपास काहीच नाही तिला कोणी नाही. मग सरकारी शाळांमधेच दोन प्रकार पडतील. आम्ही गेल्या वर्षीपासून एवढंच केलंय की लांबच्या एका शाळेसाठी व्हर्निअर आणि मोजायचे जॉब एका पेटीत भरून पाठवतो आणि दोन महिन्यांतून एकदा आमचा एक माणूस जातो. पुरेसं नाही हे मलाही कळतं. आणि दुसरं, शिक्षक, छप्पर, पाणी, संडास हे देणं सरकारचंच काम आहे, ते आम्ही उचललं तर उद्या ऑर्डरी कमी झाल्यावर आमचं शॉप अडचणीत आलं की शाळेचं पाणी बंद. जे बंद पडलं तर शाळा अडेल ते धंद्याने अंगावर घेऊ नये आणि शाळेनेही घेऊ देऊ नये. आमचा शनिवार बंद पडला तर मुलांना वाईट वाटेल, पण शाळा चालू राहील, तेवढंच अंतर बरोबर आहे.

आमचा शाळेशी आता एका पानाचा करार आहे. कोण किती तास देणार, मुलांबरोबर शिक्षक कोण, कुठल्या धड्याला जोडून काय दाखवायचं, सुरक्षेचे नियम, जाहिरात नाही, काम करून घ्यायचं नाही, आणि वर्षाच्या शेवटी दोघांनी बसून चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरवायचं. थांबवायचं ठरलं तर कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही असंही लिहिलंय, बाईंच्याच हस्ताक्षरात. आणि सर्वात वर लिहिलंय की यादी शाळा करणार. दरवर्षी जूनमधे त्या नवीन यादी देतात, आम्ही त्यातलं झेपेल ते घेतो आणि झेपणार नाही ते ओळखीच्यांना विचारतो. गेल्या वर्षी यादीत होतं की मुलींना कामाच्या ठिकाणी बायका काय करतात ते बघायचंय. त्यासाठी मी माझ्या ओळखीच्या एका पॅथॉलॉजी लॅबवाल्या बाईंना आणि एका ट्रान्सपोर्टचं ऑफिस चालवणाऱ्या बाईंना गाठलं, दोघी पहिल्याच फोनला हो म्हणाल्या आणि दोघींनी एकच वाक्य ऐकवलं, आम्हाला आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

माझा फायदा काय असं विचारतात लोक, तर तो पण लपवत नाही. मला ड्रॉइंग वाचणारी, माप नीट घेणारी माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत. या मुलांतली दोन आज आयटीआयला आहेत, एक डिप्लोमाला. त्यातलं कोणी माझ्याकडेच येईल असं नाही, आणि यावं अशी अट कधी घालणार पण नाही. कुठेतरी चांगलं काम करतील, ते आमच्याच धंद्यात असेल तर आनंद.

आणि आता तुमच्याकडे एक मागणी, संपादक साहेब, त्यासाठीच खरं हे सगळं लिहिलं. तुमच्याकडे जुने अंक असतात. दोन-तीन वर्षांपूर्वी छापलेले असे भेट दिल्याचे फोटो काढा, त्यातल्या दहा शाळांत तुमचा वार्ताहर पाठवा, दिलेली वस्तू आज चालू आहे का, ती वापरायला शिकवायला कोणी परत आलं होतं का, आणि मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमधे एखादी यादी आहे का एवढंच विचारा, आणि जे सापडेल ते छापा. सुरुवात आमच्या फोटोपासून केलीत तरी चालेल. आणि ती यादी सापडली तर ती पण जशीच्या तशी छापा, कारण ती वाचून त्या शाळेच्या आसपासचा एखादा सुतार किंवा इलेक्ट्रिशियन म्हणेल की यातलं चार नंबरचं मला येतं.

आपली,
एक मशीन शॉपवाली